बडोद्याजवळ जॅस्पर-अकीक शोधायला जाताय? या चुका टाळा

नवीन माणूस भेटला की पहिलं हेच विचारतो, "लोकेशन पाठव ना!" आणि घोळ इथूनच सुरू होतो, कारण नदीतली पिन एका पावसाळ्यात निकामी होते. पूर आला की गोटे कुठल्या कुठे जातात. त्यापेक्षा दगड येतो कुठून ते एकदा समजून घ्या, मग जागा तुमची तुम्हालाच सापडेल.

जॅस्पर, अकीक, कॅल्सेडोनी हे सगळे सिलिकाचेच, म्हणजे गारगोटी ज्याची असते त्याच द्रव्याचे प्रकार. आपल्याकडे ते मुख्यतः डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांतल्या काळ्या बेसॉल्ट खडकातून येतात, लाव्हा थंड होताना आत पोकळ्या राहिल्या, त्यात सिलिका साचत गेली, मग बेसॉल्ट झिजला आणि हे कडक गोटे तेवढे उरले, ते पाण्याबरोबर खाली आले. राजपीपळ्याच्या डोंगरात हा बेसॉल्ट आहे आणि झगडियाजवळच्या रतनपूरला गोट्यांच्या जुन्या थरात अकीक मिळतो, जिथे बावा गोरचा दर्गा आहे ना, तिथेच. खंभातच्या कारागिरांकडे पिढ्यानपिढ्या हाच माल जातो. आता बरेच जण बोडेलीकडे ओरसंगच्या रेतीत दिवसभर फिरतात आणि जॅस्पर का मिळत नाही म्हणून वैतागतात, पण ओरसंग येते छोटाउदेपूरच्या ग्रॅनाइटच्या भागातून, तिथे पांढरी गारगोटी आणि ग्रॅनाइटमधलं गुलाबी खनिज फेल्डस्पारच जास्त दिसणार! म्हणून घरून निघण्याआधी जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भूकोश पोर्टलवर नकाशा बघा, फुकट आहे, नदी कुठल्या खडकातून येते ते त्यात कळतं.

दुसरी चूक ओळखण्यातली. लाल दिसलं की जॅस्पर, असं नसतं हो. नदीत झिजून गोल झालेला विटेचा किंवा कौलाचा तुकडा ओला असताना हुबेहूब लाल जॅस्परसारखा दिसतो. चाकूचं टोक दाबून ओढा, विटेची लाल भुकटी निघेल. खनिजांची कठीणता मोजायच्या एक ते दहाच्या मोह्स मापावर जॅस्पर साडेसहा-सात, साधा चाकू साडेपाचच्या आसपास, त्यामुळे जॅस्परवर ओरखडा न उठता करडी चमकदार रेघ उमटते. ती रेघ बघून "अरे, हा तर कापला गेला" म्हणून चांगला दगड फेकून देणारे खूप आहेत. ती चाकूच्या लोखंडाची रेघ असते, ओल्या अंगठ्याने चोळून बघा, दगडावर खाच लागणार नाही. मग टॉर्च लावा, कडेने उजेड आरपार गेला तर अकीक किंवा कॅल्सेडोनी, अजिबात नाही गेला तर जॅस्पर.

ओला दगड बघून हुरळून जाणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. पाण्यातला रंग खोटा नसतो, पॉलिशनंतर साधारण तसाच दिसतो, पण ओलेपणात भेगा लपतात. दगड पाण्यातून काढून सावलीत ठेवा आणि वाळताना नीट बघत बसा, वरचा भाग फिका होतो पण भेगेत पाणी टिकतं, तिथे बारीक काळसर रेघ राहते. अशी रेघ आरपार गेली असेल तर तो दगड कापताना तुटणार, कितीही सुंदर असला तरी तिथेच ठेवून या. आणि उलटही लक्षात ठेवा, अकीक बाहेरून मळकट, खरबरीत असतो. खंभातचा तो लालभडक अकीक जमिनीतून तसा निघत नाही, तो भाजून लाल करतात, आतल्या लोहाचा रंग बदलतो. त्यामुळे तपकिरी, ओबडधोबड गोटे बघून नाक मुरडू नका.

परवानगीचा विषय कोणाला आवडत नाही, पण अकीक आणि जॅस्पर दोन्ही फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांत आहेत, म्हणजे नियम राज्य सरकारचे. न विचारता खणणं, पोती भरणं अजिबात नको, शेतमालकाला किंवा ज्याच्याकडे खाणीचं लीज आहे त्याला आधी भेटा. शूलपाणेश्वर अभयारण्यातून आणि चांपानेर-पावागढच्या वारसा परिसरातून तर खडासुद्धा उचलायचा नाही. रतनपूरच्या जुन्या खाणीत उतरू नका, कडा ढासळतात. एकाच जागी धारदार, पातळ, लांबट कपच्या विखुरलेल्या दिसल्या तर त्या आदिमानवाची हत्यारं असू शकतात, हात लावू नका, फोटो काढा आणि बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. एकदा उचललं की त्या जागेची माहिती कायमची जाते, मला हे फार जिव्हारी लागतं.

नर्मदेकाठी गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या दर्शनाला आपण जातोच, मग "जरा खाली उतरून गोटे बघू" असं वाटतं. तिथे वरच सरदार सरोवर धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते, आकाश कोरडं असलं तरी. मुलांना घेऊन पात्रात मधोमध जाऊ नका, आणि नर्मदेत मगरी आहेत हेही विसरू नका.

घरी आल्यावर ग्राइंडरवर कोरडं घासणं पूर्ण बंद. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, खंभातच्या कित्येक अकीक कारागिरांना सिलिकोसिस झालाय, आणि झालेला बरा होत नाही. पाणी सोडूनच कापा, वर चांगला मास्क, आणि हातोडी चालवताना गॉगल.

लांब जाणं जमत नसेल तर सोसायटीच्या बांधकामावर विचारा. रेती चाळल्यावर चाळणीवर उरलेले गोटे बाजूला टाकून देतात, मिस्त्रीला विचारून त्यातून निवडा, ओळखायची सवय तिथेच लागते.