आधी खडू, मग कुंडी

बाल्कनीत बाग करायची असेल तर रोपांच्या नर्सरीत जायच्या आधी घरात खडूचा तुकडा शोधा. मी पालिकेच्या शाळेत २८ वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे माझ्या पर्सच्या तळाशीही खडू सापडतो. तुमच्याकडे नसेल तर रांगोळी चालेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, अकराला, दुपारी दोनला आणि पाचला बाल्कनीत जायचं, ऊन जिथवर आलंय तिथे लादीवर रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. संध्याकाळी फोटो काढून पुसून टाका. बागेचा नकाशा झाला, खर्च शून्य.

मी हे उलट्या क्रमाने शिकले. २०११ साली कांजूरमार्गला राहायला आलो तेव्हा नव्या घराच्या आनंदात टेम्पो भरून रोपं आणली. सहा गुलाब, दोन जरबेरा आणि महाबळेश्वरहून मांडीवर सांभाळून आणलेलं जिरेनियम. पहिल्याच पावसात जिरेनियमचा दांडा मऊ पडला, गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके आले, आणि दिवाळीला त्या टेम्पोतलं एकच झाड जिवंत होतं: गुलाबाच्या कुंडीत आपणहून उगवलेली सदाफुली. तिला मी तोवर तण म्हणून दोनदा उपटायला निघाले होते.

सहा तास ऊन असेल तर जास्वंद, मोगरा, मिरची, टोमॅटो, चिनी गुलाब. तीन-चार तासांत तुळस, पुदिना, पालक, अळू, ओव्याचं पान, अबोली निभावतात. त्याहून कमी असेल तर फुलांचा हट्ट सोडा आणि पानांकडे वळा: मनीप्लांट, नेचे, अग्लोनिमा, स्नेक प्लांट. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे चांगलाच कलतो. दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन पार दिवाणखान्यात येतं, उत्तरेच्या ग्रिलला तेव्हा एक कवडसाही मिळत नाही. म्हणून खडूची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायची, डिसेंबरात आणि मेमध्ये.

आणि समोरच्या प्लॉटवर बांधकामाचे पत्रे लागलेत का, तेही बघा. चेष्टा नाही. आमची बाल्कनी नऊ फूट बाय चार, तोंड पश्चिमेला. दुपारी साडेबारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन यायचं आणि मोगऱ्याच्या दोन कुंड्या फुलांनी लगडायच्या. २०१९ मध्ये समोरच्या बैठ्या चाळी पाडल्या, टॉवर चढत गेला, आणि माझ्या खडूची शेवटची रेघ पाचवरून चारवर, चारवरून अडीचवर आली. मोगरा सुकला नाही, नुसती पानं काढत राहिला, फुलं बंद. शेवटी दोन्ही कुंड्या बहिणीच्या गच्चीवर डोंबिवलीला धाडल्या. रिकाम्या झालेल्या जागेत मी महिनाभर काही आणलं नाही. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे सांगते.

बाग कोण बघणार, आणि किती वाजता?

मुंबईत नोकरी करणारा माणूस आपली बाग उजेडात बघतो कधी? सकाळी डबा भरण्याची घाई, संध्याकाळी ८.१२ ची लोकल, घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत साडेनऊ. आमचे हे निवृत्त होईपर्यंत बाल्कनीतलं तांबडं जास्वंद त्यांनी फक्त रविवारी पाहिलं. रात्री लाल आणि जांभळा रंग काळोखात विरून जातात. पांढरा तेवढा दिसतो, आणि वास तर डोळे मिटूनही येतो. तेव्हा उशिरा घरी येणाऱ्यांनी पांढऱ्या, सुवासिक फुलांची बाग करावी असं माझं ठाम मत आहे. ऊन असेल तर मोगरा उन्हाळ्यात, अनंत पावसाच्या तोंडावर, निशिगंध पावसात आणि कुंद थंडीत. वर्षभर काही ना काही फुलत राहतं. ऊन नसेल तर पीस लिली. टॉवरनंतर माझ्याकडे त्याच आल्या. त्यांना फारसा वास नाही, पण हिरव्या गर्दीत पांढरी पताका लावल्यासारख्या दिसतात.

दुसरा प्रश्न: तुम्ही बसता कुठे? बहुतेक लोक बाल्कनीत उभं राहून कुंड्या मांडतात आणि मग आयुष्यभर ती बाग सोफ्यावरून बघतात. सोफ्यावर बसा, तिथून घरातल्या माणसाला हाताने दाखवून कुंड्या सरकवायला लावा. जिथे नजर आपसूक जाते तिथे एकच भारदस्त झाड ठेवायचं. त्याच्या शेजारी भांडणारं दुसरं ठेवायचं नाही. बाकीची मंडळी उतरत्या उंचीने. पानांचे आकार तीनच: एक रुंद, एक बारीक, एक लोंबणारं. शाळेत पोरांना सांगायचे की सगळे रंग पेटीत आहेत म्हणून सगळे कागदावर यायला हवेत असं नाही. कुंड्यांचंही तेच. आणि मधे दीड फूट वाट मोकळी ठेवा, नाहीतर कपडे वाळत घालायला गेलेला माणूस बागेला शिव्या घालतो.

कमी पैशात बाग देखणी दिसण्याची युक्ती एकच आहे आणि ती झाडांत नाही, भांड्यांत आहे. भंगारवाल्याकडून रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे आणा. मासळी बाजारातून थर्माकोलचे खोके मागा, ते दोन दिवस उन्हात ठेवले की वास जातो. (मांजरं तरी आठवडाभर चौकशीला येतात.) खाली भोकं पाडा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड हा तांबडा रंग सगळ्या डब्यांना एकसारखा फासा. थर्माकोलला मात्र तो लावू नका, त्यातल्या थिनरने खोका विरघळतो. त्याला पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग त्याच छटेत लावा. वेगवेगळ्या कंपन्यांची नावं मिरवणारे दहा डबे एका रंगात आले की अंगण शेणाने सारवल्यासारखं नीटस दिसतं. मातीच्याच कुंड्या हव्या असतील तर धारावीच्या कुंभारवाड्यात जा. भाव बरा मिळतो, फक्त टॅक्सीचं भाडं हिशेबात धरा आणि प्रत्येक कुंडी बोटाने वाजवून घ्या, चिरलेली बद्द वाजते.

पैसे मातीत घाला

कुणी विचारलं की पाचशे रुपये आहेत, काय आणू, तर मी म्हणते चारशेची माती आणि खत आणा, शंभर रिक्षाला ठेवा. रोपं मागून आणायची. जून-जुलैत शेजाऱ्याकडे जास्वंदीची पेन्सिलएवढी जाड फांदी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. खालची पानं काढून वीतभर तुकडा मातीत खोचला की मुंबईची दमट हवा निम्मं काम करते. पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवा, आठवड्यात मुळं. गवती चहाची जुडी घेताना खालचा पांढरा गड्डा शाबूत असलेली निवडा आणि तोच लावा. अळूचा कंद बाजारातूनच. गोकर्णाच्या वाळक्या शेंगा कुठल्याही सोसायटीच्या कुंपणावर लटकलेल्या असतात.

नर्सरीची नुसती लाल माती भरू नका. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात ती आधी चिखल होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी घट्ट. मी एक वाटा माती, एक वाटा कंपोस्ट, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की साठ लिटरच्या वर फुलते. ती दोनदा धुऊन घ्या, खार निघून जातो. पावसाचा मारा थेट येत असेल तर कोकोपीट निम्मं करून विटांचा चुरा घाला. भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवायची, म्हणजे पाणी जातं, माती राहते.

कोकोपीटचा दुसरा फायदा वजनाचा. एक लिटर ओली माती दीड किलोच्या पुढे भरते आणि बारा इंची कुंडीत पंधराएक लिटर मावते. अशा सहा कुंड्या जुन्या बिल्डिंगच्या खिडकीबाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये म्हणजे दोन मोठी माणसं कायमची ग्रिलमध्ये उभी. ग्रिलला हलकी भांडी, जड कुंड्या बाल्कनीत भिंतीलगत, आणि कठड्यावर काहीही नाही. खालून माणसं जातात.

खत घरी करा. एका भोकाच्या बादलीत भाजीची देठं, सालं आणि त्याच्या दुप्पट सुकी पानं. मी रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडंही आणते, तो फुकट देतो आणि वर माझ्याकडे बघत राहतो. उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर मुंबईत गच्चीच्या गच्च्या पिकवलेल्या आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी केलेली बाग त्यातली प्रसिद्ध. बादलीला वास आला तर ओल जास्त झाली, सुकी पानं घाला. दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत हाताला लागतं.

पाच हजार असतील तर एक लोखंडी तीन पायऱ्यांचं स्टँड करून घ्या आणि उरलेल्यात दोन मोठी, तयार झाडं. पंचवीस हजारांच्या पुढे असतील तर आधी ग्रिलचे बोल्ट आणि बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर मात्र एक पैसा घालू नका. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवून बघा, मग बोलू. कोणतं झाड कुंडीत किती मोठं होतं याची कल्पना हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेत पालिकेचं फुलाफळांचं प्रदर्शन भरतं तिथे वही घेऊन जा. बाग १८६१ ची आहे, प्रदर्शन नसलं तरी फेरी वाया जात नाही.

पहिली भाजी

आपल्या हातचं काहीतरी लवकर खायचं असेल तर समुद्रमेथी लावा. बाजारात वाळूसकट मिळणाऱ्या त्या चिमुकल्या जुड्या किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकवतात म्हणून ते नाव. थर्माकोलच्या खोक्यात चार बोटं धुतलेली वाळू, त्यावर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरायचे, वरून वाळूचा पातळ थर. पाणी आपलं नळाचंच, रोज शिंपडायचं. बारा-चौदा दिवसांत उपटून, धुऊन, लसणीवर परतायची. कोथिंबिरीला धीर लागतो. धणे लाटण्याने हलके दुभंगून घ्या, नाहीतर अख्खा धणा पंधरा दिवस रुसून बसतो. ती नवरात्र झाल्यावर पेरा, पालक आणि टोमॅटोही तेव्हाच. झेंडूचं बी जुलैत टाकलं तर दसऱ्याच्या तोरणापुरती फुलं घरची होतात. मोगरा असेल तर जानेवारीत पाणी तोडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, पानं ओरबाडून काढा, वरची माती उकरून खत घाला आणि मग पाणी सुरू करा. निर्दयपणा वाटतो, पण फुलं नव्या फुटीवरच येतात.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंबईतल्या रस्त्यांवरच्या वर्षावृक्षांना (रेन ट्री) वाळवणारी जात याच कुळातली, तेव्हा दुर्लक्ष करू नका. जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा.

पाणी आणि खालचा मजला

बोट मातीत दोन पेरं घाला. ओलं लागलं तर पाणी नाही, बस्स. एसीचं पाणी बादलीत धरा, झाडांना उत्तम. तांदळाचं, डाळीचं धुवणही. कुंड्यांखाली ताटल्या हव्यातच, पण त्या आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या करा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, आणि पालिकेची माणसं ताटल्या तपासायला येतात तेव्हा लाज वाटायला नको.

माझ्याकडे सुरुवातीला ताटल्या नव्हत्या. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर माझ्या लाल मातीचा ओघळ गेला. काकू चादर घेऊन वर आल्या, मी ताटल्या आणल्या, तरी त्या सहा महिने जिन्यात बोलल्या नाहीत. मग आम्हाला गणपतीला आठ दिवस गावी जायचं होतं. ग्रिलमधल्या झाडांवर छज्जा असल्यामुळे भर पावसातही थेंब पडत नाही. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या काढल्या, एक टोक बादलीत आणि दुसरं कुंडीच्या मातीत, बादली कुंडीपेक्षा उंच. चार-पाच दिवस हे निभतं, आठ नाही. शेवटी धीर करून चावी घेऊन खाली गेले. काकूंनी चावी घेतली आणि विचारलं, "कढीपत्ता तोडला तर चालेल ना?" परत आले तेव्हा सगळी झाडं टवटवीत होती आणि कढीपत्त्याचा शेंडा साफ. खुडल्यामुळे त्याला पुढे तीन फांद्या फुटल्या. चावी अजून त्यांच्याकडेच आहे.