मोझॅकचं टेबल: खरी परीक्षा ग्राऊट पुसताना

तुकडे छान लागतात, डिझाइन पण जमतं आणि शेवटच्या अर्ध्या तासात टेबलाची वाट लागते. हे मी इतक्यांच्या घरी बघितलंय की आता कोणी विचारलं की आधी ग्राऊटचंच, म्हणजे तुकड्यांमधल्या फटींत भरायच्या सिमेंटचंच सांगतो. पण त्याआधीचं पटकन उरकू.

प्लाय मरीनच घ्या, म्हणजे ओलीला टिकणारा, १८ मिमी. गोव्यात जूनपासून हवाच ओली असते, साधा प्लाय फुगतो आणि वरचे तुकडे सुटायला लागतात. कडा आणि खालची बाजू पण सील करा, लोक नेमकी तीच विसरतात.

तुकड्यांसाठी फुटक्या बशा, उरलेल्या टाइल्स, काहीही चालतं, आपल्याकडच्या जुन्या घरांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागेत, अशाच फुटक्या चिनीमातीची जमीन असते. टॉवेलमध्ये गुंडाळून हातोडी मारा, डोळ्यांवर चष्मा हवाच. कपाचे गोलवट तुकडे टेबलावर नकोत, ग्लास डुलतो. सुतारकामाच्या पांढऱ्या गमने चिकटवा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, ओल लागली की तो मऊ पडतो. लाकडावर चालणारं टाइल ॲडहेसिव्ह आणा, दोन तुकड्यांत २-३ मिमी फट ठेवा, फटीत वर आलेलं ओलं असतानाच खिळ्याने काढा. एक दिवस वाळू द्या, पावसात दोन.

आता ग्राऊट. माझं पहिलं टेबल आईसाठी होतं, चवथीच्या आधी बलकांवात ठेवायचं म्हणून घाई. ग्राऊट भरलं आणि पाच मिनिटांत मगाने पाणी ओतून धुवायला बसलो. फटींतलं अर्धं सिमेंट वाहून गेलं, उरलेल्यावर पांढरे डाग. दुसऱ्या टेबलाला उलटं केलं, संध्याकाळपर्यंत हात लावला नाही, तर तुकड्यांवर सिमेंट असं बसलं की नखाने पण निघेना. तेव्हा कोणीतरी बाथरूमचं ॲसिड मारायला सांगितलं आणि मी मारलं. कृपा करून मारू नका, ॲसिड सिमेंटच खातं, सगळ्या फटी खडबडीत होऊन भुसभुशीत झाल्या.

म्हणून माझी पद्धत अशी. ग्राऊट घट्टच कालवा, पेढ्याच्या खव्याएवढं, पातळ केलं तर वाळताना तडे जातात. दहा मिनिटं तसंच ठेवून परत ढवळा, वरून पाणी घालू नका. हातमोजे घाला, सिमेंट कातडी खातं. रबराच्या पट्टीने तिरकं दाबून भरा, जास्तीचं लगेच खरवडून घ्या. मग थांबा. किती, ते घड्याळावर ठरत नाही, एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटं पुरतात, जुलैत अर्धा तास पण लागतो. फटीवर बोट दाबून बघा, ठसा उमटला पण बोटाला काही चिकटलं नाही की सुरू करा. स्पंज इतका पिळा की थेंब पडता कामा नये, फटींना तिरका फिरवा, स्पंजाच्या एका बाजूने एकदाच, मग स्पंज धुवा. पाणी गढूळ झालं की बदला. तरी तुकड्यांवर पांढरट धुरकट थर राहतोच, तो त्याच दिवशी घासत बसू नका, दुसऱ्या दिवशी सुक्या सुती फडक्याने निघतो.

पंखा लावून किंवा उन्हात ठेवून वाळवू नका, सिमेंट पाणी धरूनच घट्ट होतं, पटकन सुकलं तर पावडर सुटते. तीन दिवस वर ओलसर कापड टाका.

आणि गडद रंगाचं ग्राऊट असेल तर आधी एका फालतू तुकड्यावर लावून बघा, फुटलेल्या कडेला ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर नसतो, ती रंग पिते.

पूर्ण वाळल्यावर फटींत पाणी मुरू न देणाऱ्या सीलरचे दोन हात. मग फटीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा राहिला तर सोलकढी सांडली तरी चालेल, काळपट डाग पडला तर अजून एक हात मारा.