स्टुडिओ फ्लॅश शिकताय? आधी मीटर हातात घ्या

कोल्हापुरात स्टुडिओचं काम शिकायला येणारी बरीच मुलं लग्नाच्या फोटोग्राफीतून आलेली असतात. कॅमेरा चांगला असतो, नजरही तयार असते. पण स्टुडिओ फ्लॅश लावला की एक्स्पोजर ठरतं ते मागच्या स्क्रीनवर बघून. फोटो काळा आला, वाढव लाइट. पांढरा झाला, कर कमी. एखाद-दुसऱ्या फोटोला हे चालून जातं. चपलांचे पन्नास जोड एका दिवसात काढायचे आणि ते कॅटलॉगमध्ये शेजारी शेजारी छापायचे म्हटलं की अंदाजपंचे कारभाराचा निभाव लागत नाही. दुसरी लेन्स नंतर घ्या, आधी लाइट मीटर घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. शिवाय स्टुडिओचा फ्लॅश उडतो शटर उघडल्यावर, त्यामुळे तो त्या मीटरच्या हिशेबात येतच नाही. हातातला मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो. कोल्हापुरी काळी असो की कच्च्या कातड्याच्या रंगाची, पडणारा प्रकाश तोच, म्हणून आकडाही तोच.

सुरुवात अशी करा. आयएसओ १००, शटर १/१२५, आणि मीटरवरही हेच घाला. ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणारं यंत्र, काढून अ‍ॅपर्चर एफ ८ वर ठेवा आणि एक फोटो घ्या. फ्रेम पूर्ण काळी यायला हवी. ट्यूबलाइट किंवा खिडकीचा उजेड दिसला तर तो आधी बंद करा. मग मीटर फ्लॅश मोडवर टाका, वस्तूच्या अगदी जागेवर धरा, मीटरचा पांढरा अर्धगोल डोम कॅमेऱ्याकडे करा, मीटरचं बटण दाबा आणि ट्रिगरच्या टेस्ट बटणाने फ्लॅश उडवा. येईल ते अ‍ॅपर्चर. शटर बदलून फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होत नाही, कारण फ्लॅश शटरच्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर उडून संपतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा मात्र येईल.

एकापेक्षा जास्त लाइट असतील तर एकेकच चालू ठेवून मोजा, त्या वेळी डोम त्या लाइटकडे वळवा. तालमीतल्या पैलवानाचं पोर्ट्रेट घ्या. मेन लाइट एफ ८ आणि फिल, म्हणजे सावल्या उजळणारा दुसरा लाइट, एफ ५.६ ठेवला तर चेहरा छान येतो, पण खांदे आणि छाती सपाट वाटतात. फिल एफ ४ वर आणा, म्हणजे मेनपेक्षा दोन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). पिळदार शरीर लगेच उठून दिसतं. शेवटी सगळे लाइट एकत्र लावून डोम कॅमेऱ्याकडे, आणि त्याच आकड्यावर फोटो. मॉडेल पुढे-मागे सरकला की पुन्हा मोजायचं. लाइटपासून १ मीटरवरचा माणूस २ मीटरवर गेला की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, सरळ दोन स्टॉप गेले.

पांढऱ्या बॅकग्राउंडवर मी मेनपेक्षा एक स्टॉप जास्त ठेवतो. त्याहून वाढवलं की केसांच्या कडा खाल्ल्या जातात.

इथल्या माणसाला खरी कसरत करावी लागते ती दागिन्यांत. हुपरीचं चांदीचं पैंजण टेबलावर ठेवा आणि मीटरवर एफ ११ आला समजा. तो बरोबरच आहे, पण चकचकीत चांदी आरशासारखी असते. तिच्यात लाइटवर लावलेला कापडी सॉफ्टबॉक्सच दिसतो, आणि तो भाग एफ ११ वरही पांढराफटक येतो. अशा वेळी अ‍ॅपर्चरशी झगडू नका. लाइट आणि दागिना यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर मोठा ताणून लावा आणि बाजूला काळ्या कागदाची पट्टी उभी करा. चांदीला कड मिळते, घुंगरू सुटे सुटे दिसतात. मग पुन्हा मोजा, कारण कागदाने प्रकाश खाल्लेला असतो.

कोल्हापुरी साजाच्या एकाच पानाचा क्लोज-अप घेताना आणखी एक हिशेब लागतो. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर मूळ मापाची उतरवली की साधारण दोन स्टॉप प्रकाश कमी पोहोचतो, आणि हातातल्या मीटरला याची कल्पना नसते. काही कॅमेरे ही घट अ‍ॅपर्चरच्या आकड्यात धरूनच दाखवतात, काही दाखवत नाहीत. आपला कोणता, ते ग्रे कार्डचा (मध्यम राखाडी पुठ्ठ्याचा) एक फोटो लांबून आणि एक जवळून काढून तपासा. जितका फरक येईल तो पट्टीवर लिहून लेन्सलाच चिकटवून टाका.