आयेल्ट्स रीडिंग: टेस्ट कमी सोडवा, तपासा जास्त

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रीडिंगच्या, म्हणजे वाचनाच्या विभागाच्या, तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रोज किती टेस्ट सोडवू?" रोज एकही नको, असं मी सांगते. आठवड्याला दोन पुरेत. पण एक टेस्ट सोडवायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ ती तपासायला द्या. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण टेस्ट सोडवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. स्कोअर अडकलेल्या मुलांच्या वह्या मी उघडते, तेव्हा त्यांत टेस्टचा ढीग असतो, प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा असतो, २४, २५, २३, पुन्हा २५, आणि चुकलेल्या उत्तराशेजारी उत्तरसूचीतून उतरवलेलं बरोबर उत्तर असतं. ते बरोबर का, आपलं चूक का, याबद्दल एक ओळसुद्धा नसते. सगळं शिकायचं होतं ते त्या न लिहिलेल्या ओळीत.

परीक्षेचा सांगाडा थोडक्यात सांगते. ६० मिनिटं, ४० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, चुकलं तर गुण कापले जात नाहीत. म्हणजे एकही जागा रिकामी सोडायची नाही. परीक्षेचे दोन प्रकार असतात: उच्च शिक्षणासाठी अ‍ॅकॅडमिक आणि मुख्यतः नोकरी, स्थलांतरासाठी जनरल ट्रेनिंग. अ‍ॅकॅडमिकमध्ये तीन मोठे उतारे असतात, मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. जनरल ट्रेनिंगमध्ये पहिल्या भागात सूचना, जाहिराती यांसारखे छोटे मजकूर, दुसऱ्या भागात नोकरी-कामाशी संबंधित मजकूर आणि तिसऱ्यात एक लांब उतारा. कागदावरच्या लिसनिंगमध्ये उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी दहा मिनिटं मिळतात. रीडिंगमध्ये तशी सवलत नाही. या दोन्ही विभागांची गल्लत करून ऐन परीक्षेत घाबरणारे विद्यार्थी असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि फॉर्म भरण्याआधी, ज्या संस्थेसाठी स्कोअर हवा आहे तिला अ‍ॅकॅडमिक चालतं की जनरल, हे लेखी पाहून घ्या. सोपं म्हणून जनरल निवडू, असा हिशेब करू नका. मजकूर सोपा असतो म्हणूनच तिथे त्याच बँडला, म्हणजे ० ते ९ मध्ये मिळणाऱ्या त्याच श्रेणीला, जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात. अ‍ॅकॅडमिकमध्ये ७ बँडसाठी ४० पैकी ३० च्या आसपास लागतात, तर जनरलमध्ये ३४ च्या आसपास. प्रश्नपत्रिकेगणिक एखाद्या गुणाचा फरक पडू शकतो.

आता हाच आकडा जरा जवळून बघा. अ‍ॅकॅडमिकमध्ये ६ बँडला साधारण २३ लागतात आणि ७ ला ३०. म्हणजे ६ वरून ७ वर जायचं तर सात उत्तरं वाढवायची आहेत. "माझं इंग्रजीच कच्चं आहे" असं म्हणत बसण्यापेक्षा "माझी कुठली सात उत्तरं जातात?" असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर सापडतं, आणि ते तुमच्याच जुन्या टेस्टमध्ये पडलेलं असतं.

ते शोधायची माझी पद्धत सांगते. टेस्ट सोडवताना ज्या उत्तराची खात्री नाही त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह करा. टेस्ट संपली की उत्तरसूची स्वतः उघडू नका. घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि फक्त बरोबर-चूक अशा खुणा करून घ्या, बरोबर उत्तर लिहायचं नाही. एकटे असाल तर उत्तरसूची कागदाखाली झाकून एकेक ओळ खाली सरकवत खुणा करा. नजर पडलेलं उत्तर मात्र लिहून घेऊ नका. मग घड्याळ बाजूला ठेवा. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि प्रश्नचिन्हवाला प्रत्येक प्रश्न पुन्हा घ्या, आणि उताऱ्यात ज्या वाक्यामुळे उत्तर ठरतं त्या वाक्याखाली रेघ मारा. बोट ठेवून दाखवता येत नसेल तर उत्तर आलेलं नाही, भले टिक मिळालेली असो. अंदाजानं मिळालेला गुण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.

रेघ मारून झाली की वहीत त्या चुकीचं कारण लिहायचं. माझ्या अनुभवात कारणं चारच निघतात. एक, जागाच सापडली नाही. दोन, जागा सापडली पण वाक्य कळलं नाही. तीन, वाक्य कळलं पण प्रश्न नीट वाचला नव्हता. चार, उत्तर माहीत होतं पण लिहिण्यात गेलं: स्पेलिंग, शब्दमर्यादा, शेवटचा एस. चार-पाच टेस्ट अशा तपासल्या की वही स्वतःच बोलायला लागते. माझ्या एका विद्यार्थिनीला पक्कं वाटत होतं की तिचा वेग कमी आहे. वेगानं वाचायचे व्हिडिओ बघून ती थकली होती. वहीत बघितलं तर पहिल्या कारणाच्या रकान्यात फारसं काही नव्हतंच. ती जागेवर वेळेत पोहोचत होती, आणि तिथलं लांबलचक वाक्य अर्धवट वाचून उत्तर लिहीत होती. तिला वेगाची नाही, उलट त्या एका वाक्यापाशी थांबायची गरज होती. पुढचे काही दिवस आम्ही टेस्ट बंद ठेवून फक्त लांब वाक्यं सोडवली: मुख्य क्रियापद कुठलं, कर्ता कोण, 'ऑलदो' किंवा 'अनलेस' नं सुरू होणारा तुकडा कुठे संपतो. ज्यांच्या वहीत दुसरं कारण जास्त दिसतं त्यांनी हेच करावं.

पहिलं कारण जास्त असेल तर दोन गोष्टी उपयोगी पडतात. प्रश्नांचा क्रम समजून घ्या. ट्रू-फॉल्स, वाक्य पूर्ण करा, थोडक्यात उत्तरं, बहुपर्यायी, या प्रकारांत उत्तरं उताऱ्यात साधारण प्रश्नांच्याच क्रमानं येतात. पाचव्याचं आणि सातव्याचं सापडलं तर सहाव्याचं त्या दोन जागांच्या मध्ये शोधा, अख्खा उतारा पुन्हा चाळू नका. कुठली माहिती कुठल्या परिच्छेदात आहे, हे विचारणाऱ्या प्रकारात मात्र क्रम नसतो. तो गट मी शेवटी सोडवायला लावते, कारण तोवर बाकीच्या प्रश्नांनी उतारा ओळखीचा झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जोड्यांची वही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा क्वचितच भेटतो. प्रश्नात 'चिल्ड्रन अंडर फाइव्ह' असेल तर उताऱ्यात 'प्री-स्कूलर्स' असेल. प्रश्नात 'चीप' तर उताऱ्यात 'लो-कॉस्ट'. तपासताना जिथे रेघ मारली, तिथली अशी जोडी वहीत उतरवा. पाठांतराच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. हजार शब्दांची यादी घोकलेली मुलं मी बघते, आणि त्यांना 'डिक्लाइन' चा अर्थ येतो, पण 'फ्यूअर पीपल नाऊ व्हिजिट' म्हणजे तेच, हे उताऱ्यात ओळखता येत नाही. जोड्यांच्या वहीनं ती नजर येते. बदलत नाहीत ती विशेषनामं, सालं आणि आकडे, त्यामुळे जागा शोधताना आधी त्यांनाच धरा.

अनोळखी शब्द येणारच, त्यांना घाबरू नका. हे उतारे सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांतून, मासिकांतून, वर्तमानपत्रांतून घेतलेले असतात. 'स्ट्रोमॅटोलाइट' असा शब्द आला तर तो काय आहे हे बहुधा त्याच वाक्यात किंवा पुढच्यात सांगितलेलं असतं, नाहीतर प्रश्न सोडवायला त्याचा अर्थ लागतच नाही.

आता ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, उताऱ्याच्या उलट आहे, की त्याबद्दल उताऱ्यात काहीच नाही, हे इथे ठरवायचं असतं. सर्वांत जास्त गुण इथे सांडतात, म्हणून इथे जरा थांबते. उदाहरण मुद्दाम मराठीत घेते, म्हणजे इंग्रजीची अडचण बाजूला राहील आणि विचार कसा करायचा तेवढंच दिसेल. समजा उताऱ्यात असं आहे:

"स्मीटन या अभियंत्यानं एडिस्टोनच्या खडकावर बांधलेलं दीपगृह १७५९ मध्ये पूर्ण झालं. शंभराहून अधिक वर्षांनीही इमारत भक्कम होती. मात्र तिच्याखालचा खडक लाटांनी पोखरला जात होता. त्यामुळे शेजारच्या खडकावर नवं दीपगृह उभारण्यात आलं आणि १८८२ मध्ये ते सुरू झालं."

पहिलं विधान: 'जुनं दीपगृह ज्यावर उभं होतं त्याची झीज होत होती.' ट्रू. शब्द वेगळे, अर्थ तोच. दुसरं विधान: 'बांधकाम कमकुवत झाल्यामुळे जुनं दीपगृह बदलावं लागलं.' इथे पुष्कळ जण ट्रू लिहितात, कारण जुनं, बदललं, धोका, सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण इमारत भक्कम होती असं उतारा स्वच्छ सांगतो. म्हणून फॉल्स. तिसरं विधान: 'नवं दीपगृह जुन्यापेक्षा उंच होतं.' हे प्रत्यक्षात खरं आहे, नवं दीपगृह बरंच उंच आहे, आणि एखाद्या वाचकाला ते माहीतही असेल. तरी उत्तर नॉट गिव्हन, कारण या चार वाक्यांत उंचीचा उल्लेख नाही. तुमचं सामान्यज्ञान कितीही चांगलं असलं तरी इथे त्याला गुण नाहीत.

फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये अडकलात तर कल्पना करा की लेखक समोर बसला आहे आणि तुम्ही ते विधान त्याला वाचून दाखवलंत. "छे, मी तर उलट लिहिलंय" असं तो म्हणेल, की "याबद्दल मी काही बोललोच नाही" असं म्हणेल? पहिलं असेल तर फॉल्स, दुसरं असेल तर नॉट गिव्हन. 'ऑल', 'ओन्ली', 'मोस्ट', 'ऑलवेज' असे शब्द विधानात दिसले की त्यांच्याभोवती गोल करा. बाकी सगळं जुळूनही उत्तर त्या एका शब्दावर फिरतं. येस-नो-नॉट गिव्हन हा प्रकार लेखकाच्या मताबद्दल विचारतो. तिथे उताऱ्यात उद्धृत केलेल्या दुसऱ्या कुणाचं मत लेखकाच्या नावावर घालू नका.

परिच्छेदांना शीर्षकं द्यायच्या प्रश्नात शीर्षकांची यादी हातानं झाका. परिच्छेद वाचा, समासात मराठीत चार शब्द लिहा: 'आधीचा उपाय का फसला', 'नवा पुरावा'. मग यादी उघडा. यादी आधी वाचली की प्रत्येक परिच्छेदात तिच्यातला एखादा शब्द दिसतो आणि मन त्याच्याच मागे जातं. शीर्षकं परिच्छेदांपेक्षा जास्त दिलेली असतात, ती याचसाठी.

गाळलेल्या जागा भरताना सूचना प्रत्येक वेळी वाचा. 'नो मोर दॅन टू वर्ड्स' असेल तिथे तीन शब्द लिहिले की गुण गेला, उत्तर बरोबर असलं तरी. जोडरेघेचा शब्द एकच धरतात. उताऱ्यातून घ्यायचा शब्द असेल तर त्याचं रूप बदलू नका, जसा आहे तसा उचला.

वेळेचा सराव शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीला एकेक उतारा वेळ न लावता सोडवा. बिनवेळेचं बरोबर येत नसेल तर घड्याळ लावून काय साधणार? मग एक उतारा वीस मिनिटांत, आणि शेवटी पूर्ण टेस्ट. उतारे पुढे पुढे कठीण होत जातात, म्हणून मी सर्वांना सारखा वेळ देत नाही: पहिल्याला १७ मिनिटं, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २३. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी दीड मिनिट येतं. त्याहून जास्त अडकलात तर अंदाजानं काहीतरी लिहा, खूण करा, पुढे व्हा.

परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर सरावही पडद्यावरच करा. एका बाजूला उतारा, दुसऱ्या बाजूला प्रश्न, वर पळणारी वेळ. कागदावर बोट फिरवत वाचायची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस हे फार जड जातं. हायलाइट करायची सोय असते, ती वापरायला शिका. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर असे नमुने मोफत मिळतात, पैसे खर्च करण्याआधी ते संपवा.

टेस्ट नसलेल्या दिवशी एक लांब इंग्रजी लेख वाचा, आणि विषय असा घ्या ज्याचा तुम्हाला कंटाळा आहे. आवडीचा विषय आपण निम्मा अंदाजानं वाचतो. पुरातत्त्व नको वाटतं ना, मग पुरातत्त्वच. प्रत्येक परिच्छेदाला समासात चार मराठी शब्द, वर सांगितले तसेच. डिक्शनरी लेख संपल्यावरच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी टेस्ट घेऊ नका. कमी गुण पडले तर झोप जाते, आणि हाताशी काही लागत नाही. कारणांची वही काढा, शेवटच्या तीन टेस्टची पानं वाचा, आणि ज्या कारणाच्या रकान्यात सर्वांत जास्त नोंदी आहेत ते एक कारण ध्यानात ठेवून झोपा. चौथं असेल, तर शेवटची तीन मिनिटं नवीन प्रश्नाला देऊ नका. रिकाम्या जागा भरा आणि लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग उताऱ्याशी ताडून बघा.