जुन्या घराचा मीटर बोर्ड कसा तपासाल?

लाकडी फळी, लोखंडी मेन स्विच आणि पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. कितीतरी जुन्या चाळी-इमारतींत हे सगळं अजून जागेवर आहे. चार दिवे नि दोन पंख्यांसाठी ओढलेल्या त्याच तारांवर आता गीझर, एसी आणि इंडक्शन चालतात.

सुरुवात काहीही न उघडता करा. कोरडे हात, पायात रबरी चप्पल. फळीवर तपकिरी डाग, वितळलेलं वेष्टण, गीझर लावल्यावर चरचर, किंवा सुकट जळल्यासारखा वास, यातलं काहीही आढळलं तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. लोखंडी डबीला थेट हात नको. आधी टेस्टर लावा. मात्र तो पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. मेन बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या तारेत वीज असतेच. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं, त्याला हात लावायचा नाही. जळकेपणा तिथे असेल तर महावितरणच्या ग्राहकांनी १९१२ वर कळवावं.

पुढचं काम परवानाधारक वायरमनचं, पण तुम्ही शेजारी उभे राहा. किटकॅट काढायला सांगा. फ्यूज वायरऐवजी साध्या वायरीतले तांब्याचे धागे पीळ देऊन भरलेले हमखास सापडतात. असा फ्यूज उडतच नाही, त्याच्याआधी भिंतीतली तार तापते. दोन किटकॅट असतील तर दुसरा बहुधा न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर असतो. तो उडाला की घर अंधारात जातं, आपल्याला वाटतं वीज गेली, आणि होल्डरमध्ये फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तशीच २३० व्होल्टवर जिवंत राहते. न्यूट्रलवरचा फ्यूज काढून तिथे सलग जोडणी करून घ्या.

आता तारा. नवा चकचकीत डीबी (सगळे स्विच एकत्र असलेली वितरणपेटी) बसवून तारा जुन्याच ठेवणं हा लोकप्रिय आणि वाईट सौदा. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तारेच्या जाडीवरून ठरतो: १.५ चौरस मिमीला ६ किंवा १० अँपिअर, २.५ ला १६. वारंवार पडतो म्हणून ३२ चा बसवू देऊ नका. ५०० व्होल्टच्या मेगरने (वेष्टणाचा रोध मोजणारं यंत्र) तारांचं इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वायरिंग बदलायचंच.

अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. जुन्या घरात तो पहिल्या दिवसापासून पडू शकतो आणि वायरमन म्हणतो, "काढून टाकू, त्रास देतोय." काढू देऊ नका. कुठेतरी गळती आहे किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. एकेक सर्किट वेगळं करून दोष शोधायला लावा. अर्धा दिवस जाईल, मजुरीही थोडी वाढेल. बसवून झाल्यावर टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबायला सांगा, आणि पुढे दर महिन्याला स्वतः दाबत जा.