तालमीतून पिंजऱ्यात: मुलींनी एमएमएचं करिअर कसं उभारावं

एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स: जाळीच्या पिंजऱ्यातली लढत, ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी. त्यातली बरीच करिअरं पिंजऱ्याबाहेरच बिघडतात. वजनगट चुकतो, व्यावसायिक पदार्पण घाईत होतं, करारावर न वाचता सही होते. ठोसे आणि लाथा शिकवणारे भरपूर भेटतात. या तीन गोष्टी बसून समजावणारे फार कमी. हा मजकूर कुस्ती, ज्युदो किंवा वुशू (चिनी मार्शल आर्ट) खेळलेल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींसाठी आहे. सुरुवात अगदी शून्यातून असेल तर खालच्या मुदतींत दोन वर्षं वाढवा.

ही वाट याआधी चाललेल्या बायका आहेत. यूएफसी या एमएमएच्या अमेरिकी संघटनेत महिलांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ ला झाली. ती जिंकणारी रोंडा राउझी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली ज्युदोची कांस्यपदक विजेती. रितू फोगाट कुस्ती सोडून २०१९ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संघटनेत उतरली. पूजा तोमर वुशूतून आली, मॅट्रिक्स फाइट नाइट या भारतीय एमएमए स्पर्धेची विजेती झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये यूएफसीने तिला करारबद्ध केलं आणि ८ जून २०२४ ला लुईव्हिलमध्ये तिने पहिली लढत जिंकली. भारतीय महिलेचा यूएफसीतला तो पहिला विजय.

कुस्तीच्या कोणत्या सवयी मोडाव्या लागतात

कुस्तीगीर मुलीकडे दम आणि पकड असते, समोरचीला खाली आणायची ताकदही असते. अडचण होते ती अंगवळणी पडलेल्या हालचालींची. चितपट टाळायला ती पोटावर वळते. मॅटवर ते बरोबरच आहे. पिंजऱ्यात मात्र पाठ मिळाली की समोरची दोन्ही पाय मांड्यांत अडकवते, हात हनुवटीखाली सरकवते आणि मागून गळा आवळते. नीट बसलेली ही पकड काही सेकंदांत शुद्ध घालवते. म्हणून खाली पडलात की पोटावर न जाता कुशीवर यायचं. एक कोपर टेकायचं, मग तो तळहात, कंबर मागे ओढत जाळीपर्यंत जायचं, पाठ जाळीला लावायची, समोरचीच्या काखेत हात घालून उभं राहायचं. रोज सरावाच्या शेवटी, दमलेल्या अवस्थेत, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. ताज्या अंगाने केलेला हा सराव फारसा उपयोगाचा नाही, कारण लढतीत तो दमल्यावरच लागतो.

दुसरी सवय पटाची, म्हणजे पाय धरून पाडायच्या डावाची. डोकं खाली घालून पट काढायला गेलात की गळा समोरचीच्या काखेत जातो आणि गिलोटिन बसतं, म्हणजे ती समोरूनच गळा आवळते. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, कपाळ तिच्या छातीला चिकटलेलं हवं. दुहेरी पटात डोकं बाहेर जातंच. तिथे कान बरगडीला घट्ट, नजर वर आणि पाय चालू ठेवायचे. अर्ध्यावर थांबलात की मान सापडलीच. शिवाय पट नेहमी ठोशामागून काढायचा. लांबून, उघड्यावर मारलेल्या पटाला समोरून गुडघा भेटतो.

तिसरी सवय सगळ्यात महागात पडते: वर बसल्यावर निर्धास्त होणं. ३ डिसेंबर २०२१ ला सिंगापूरमध्ये वन चॅम्पियनशिपच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने रितू फोगाटला दुसऱ्या फेरीत आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, पकडलं. मार्च २०२५ मध्ये लंडनला पूजा तोमरही दुसऱ्या फेरीत आर्मबारनेच हरली. समोरचीच्या पायांमध्ये असताना नियम साधा आहे: दोन्ही हात आत किंवा दोन्ही बाहेर, एक आत आणि एक बाहेर कधीच नाही. तळहात जमिनीवर टेकायचा नाही, कोपरं आपल्याच बरगडीजवळ ठेवायची. ती कंबर बाजूला सरकवू लागली, की डाव येतोय हे ओळखून आधी कोपर मागे ओढायचं आणि ठोसा नंतर मारायचा.

कुस्तीच्या वाकलेल्या पवित्र्यात भार पुढच्या पायावर असतो. तशाने पोटरीवर दोन-तीन लाथा बसल्या की पाय सुन्न पडतो आणि पटही निघत नाही. दमाचं गणितही वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय कुस्ती ३ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद. व्यावसायिक एमएमएत ५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदासाठी पाच, मध्ये १ मिनिट. सहा मिनिटांत सगळं ओतायची सवय लागलेली मुलगी दुसऱ्या फेरीच्या मध्यावर रिकामी होते.

आठवड्याचा साचा साधारण असा: बॉक्सिंग किंवा मुए थाईची (थाई बॉक्सिंग) तीन सत्रं, गी (जाड कापडी पोशाख) न घालता जुजुत्सूची, म्हणजे जमिनीवरच्या पकडींची, दोन, जाळीला धरून कुस्तीची दोन, ताकदीची दोन, आणि एकच पूर्ण स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत), तेही १६ औंसांच्या ग्लोव्हजमध्ये. रोज जोरात स्पारिंग करणाऱ्या जिमला शौर्याचं वलय असतं. तिथे डोक्याला बसणाऱ्या माराचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून अशा जिमपासून लांब राहिलेलं बरं.

हौशी लढती: पाच ते आठ

दीड-दोन वर्षांच्या सरावानंतर हौशी लढती सुरू करा आणि व्यावसायिक होण्याआधी निदान पाच तरी लढा. आंतरराष्ट्रीय एमएमए महासंघाच्या हौशी नियमांत फेऱ्या ३ मिनिटांच्या असतात, कोपर मारता येत नाही, डोक्याला गुडघा मारता येत नाही, टाचेला पीळ देणाऱ्या पकडी बंद असतात, नडगीला पॅड असतात. इथे हरलात तर शिकायला मिळतं. व्यावसायिक नोंद मात्र टॅपॉलॉजी आणि शेरडॉग या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर कायमची राहते आणि सामना जुळवणारे आधी तीच उघडतात.

भारतात मुलींची गोची अशी, की वजनगटात प्रतिस्पर्धी कमी. मग आयोजक आठवडाभर आधी फोन करतो: ‘समोरची सहा किलोंनी जड आहे, पण नवखी आहे, लढणार का?’ नाही म्हणा. प्रतिस्पर्ध्याचं नाव कळल्यावर तिच्या नोंदी आणि व्हिडिओ पाहायला दोन दिवस मागून घ्या. ते दोन दिवस न देणाऱ्या आयोजकाला काहीतरी लपवायचं असतं, असं धरून चाला.

वजनगट

यूएफसीतले महिलांचे गट ५२.२, ५६.७ आणि ६१.२ किलो. ६५.८ चा गट त्यातली विजेती अमांडा नुनेस २०२३ मध्ये निवृत्त झाल्यावर जवळपास ओस पडला आहे. वन चॅम्पियनशिपमध्ये नावं फसवी आहेत: तिथला ॲटमवेट ५२.२ किलोंचा, म्हणजे यूएफसीचा स्ट्रॉवेट. तिथे वजनाबरोबर लघवीची घनताही तपासतात, त्यामुळे पाणी काढून वजन उतरवता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये वजन उतरवताना यांग जियान बिंग हा खेळाडू दगावल्यावर ती पद्धत आली.

सकाळी शौचानंतर, पाणी पिण्याआधी, १४ दिवस वजन घ्या आणि सरासरी काढा. लढतीच्या आठवड्याच्या सोमवारी जे वजन असेल त्याच्या ५ टक्क्यांहून जास्त काही पहिल्या तीन-चार लढतींत उतरवू नका. चरबी त्याआधीच्या आठ आठवड्यांत कमी करायची, आठवड्याला फार तर अर्धा किलो. त्याहून वेगाने गेलात तर पाळी अनियमित होते किंवा थांबते. तालमीत याला ‘चांगला फॉर्म’ समजणारे लोक आहेत. प्रत्यक्षात शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असते, आणि पुढची पायरी म्हणजे हाडाला बारीक तडा. पाळी तीन महिने आली नाही तर कॅम्प (लढतीआधीचा तयारीचा सराव) थांबवून डॉक्टर गाठा. दर सहा महिन्यांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोहाची गोळी तपासणीनंतरच घ्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा, त्याने लोह कमी शोषलं जातं.

पाळीआधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठतं. कुणाला अर्धा किलो, कुणाला दोन. तुमचा आकडा किती, ते चार-पाच महिने नोंद ठेवल्यावरच कळतं. वजनाचा दिवस त्या आठवड्यात येत असेल तर सुरुवातच तेवढी खालून करा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. त्यातलं नोरेथिस्टेरॉन उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, पण त्यातून लघवीत नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडशी संबंधित घटकाचा अंश दिसू शकतो, म्हणून चाचणीच्या अर्जावर गोळीचं नाव लिहायलाच हवं. पहिल्यांदा ती लढतीच्या आठवड्यात घेऊ नका; फुगलेल्या पोटाने काट्यावर उभं राहावं लागेल.

वजन उतरवायचा आठवडा

उदाहरण ५२.२ च्या गटाचं, वजन शुक्रवारी सकाळी असेल तेव्हाचं. विजेतेपदाची लढत नसेल तर एका पौंडाची सूट असते, म्हणजे लक्ष्य ५२.६. सोमवारी सकाळी काट्यावर ५५.३ हवं, ५७ असेल तर ती लढत त्या गटाची नव्हतीच. सोमवारपासून भात, पोळी, साखर मिळून कर्बोदकं दिवसाला ५० ग्रॅमच्या आत. बुधवारपासून तंतू बंद: भाकरी, उसळ, कोशिंबीर नाही, अंडी, चिकन, थोडं दही. मीठ कमी, पण शून्य नाही. सोमवार ते बुधवार ५ लिटर पाणी दिवसभर विभागून, एका तासात एक लिटरहून कधीच जास्त नाही. गुरुवारी दुपारपर्यंत मिळून ८०० मिलिलिटर. गुरुवारी संध्याकाळी काटा ५३.५ च्या आसपास यावा. ३९-४० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं, मग टॉवेलांत गुंडाळून २० मिनिटं, मग वजन. अर्धा किलो गेला की थांबा. उरलेला रात्री झोपेत जातो. एकटीने हे कधीच करायचं नाही. भोवळ, छातीत धडधड किंवा घाम अचानक बंद होणं यातलं काहीही दिसलं तर वजन गेलं खड्ड्यात, बाहेर या. पहिल्यांदा हा प्रयोग लढतीविना, डॉक्टर किंवा क्रीडा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीत करून बघा.

लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्या बंदी यादीत आहेत, सामन्यात आणि सामन्याबाहेरही. वजनानंतर सलाईनही चालत नाही. वैद्यकीय सूट नसेल तर १२ तासांत १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. तोंडाने प्या: पहिल्या तासात एक लिटर ओआरएस घोट घोट, पुढे जेवढं वजन उतरवलं त्याच्या दीडपट द्रव दिवसभरात. पेज, मऊ भात, केळं, मध. मिसळ लढत झाल्यावर.

वजन चुकलं तर मानधनाचे साधारण २० ते ३० टक्के कापले जातात आणि बहुतेकदा प्रतिस्पर्ध्याला जातात.

कागद आणि सामान

एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, बाहुल्या मोठ्या करून केलेली डोळ्यांची तपासणी, ईसीजी आणि मेंदूचा एमआरआय हे अहवाल तारखेसह एका फाइलमध्ये ठेवा. ते जुने झालेले चालत नाहीत, आणि ऐनवेळी एमआरआयची वेळ मिळत नाही म्हणून हातची लढत जाते. गर्भचाचणी बहुतेक ठिकाणी लढतीच्या आठवड्यात होते. पासपोर्टची मुदत निदान वर्षभराची ठेवा.

माउथगार्ड दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या. स्पोर्ट्स ब्राला हूक, तार, कडी काही नको. लांब केसांच्या डोक्याला चिकटलेल्या बारीक वेण्या घाला, आणि त्याच वेण्यांनी आधी दोन स्पारिंग करा. पहिल्याच फेरीत सुटलेले केस डोळ्यांत गेले तर रेफ्री तुमच्यासाठी वेळ थांबवेलच असं नाही.

पैसे

मानधन दोन भागांत असतं: लढण्याचं आणि जिंकण्याचं. समजा १०,००० अधिक १०,००० डॉलरचा करार आहे आणि तुम्ही हरलात. हातात १०,०००. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या रकमेतून साधारण ३० टक्के कर आधीच कापतात, उरले ७,०००. मॅनेजर मूळ रकमेवर १५ टक्के, प्रशिक्षक १० टक्के, राहिले ४,५००. यातून दोन-तीन महिन्यांच्या कॅम्पचा खर्च. वर्षात दोन-तीनच लढती होतात, तेव्हा पहिली काही वर्षं नोकरी किंवा शिकवण्या सुटत नाहीत, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

सही करण्याआधी पाच गोष्टी वकिलाकडून वाचून घ्या: करार किती लढतींचा, दुसरीकडे लढता येतं का, दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, कोपऱ्यातल्या, म्हणजे लढतीवेळी पिंजऱ्याशी सोबत असणाऱ्या, किती जणांचं तिकीट मिळतं, आणि विजेतेपद मिळालं की करार आपोआप वाढतो का. सहावी गोष्ट मुली विचारायला संकोचतात: गरोदरपणात करार थांबतो की संपतो. यूएफसीची मॅकेन्झी डर्न जून २०१९ मध्ये बाळंत झाली, ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यात परतली आणि तिथेच कारकिर्दीतली पहिली हार पत्करली. परतायची तारीख कराराने ठरवू नये, एवढं कलम मागा.

मोठ्या संघटनेत जायचे दोन मार्ग आहेत. देशातलं विजेतेपद हा एक. दुसरा रोड टू यूएफसी, आशियाई खेळाडूंची बाद फेरी. २०२४ मध्ये त्यात पहिल्यांदा महिलांचा ५२.२ किलोंचा गट होता आणि तो चीनच्या शी मिंगने जिंकला.

डोक्याला मार लागून लढत थांबली असेल तर निदान ३० दिवस कसलाही संपर्क सराव नाही, शुद्ध हरपली असेल तर ६०, आणि परतण्याआधी न्यूरॉलॉजिस्टची लेखी परवानगी. लहान आयोजक अशी बंदी घालतच नाहीत. तेव्हा तारीख स्वतः लिहून प्रशिक्षकाकडे द्या, आणि त्याआधी आलेला फोन त्यालाच उचलू द्या.