ब्राच्या साईजवरून छातीचं वजन कसं काढायचं

पहिलेच सांगून टाकते, नुसत्या कपच्या अक्षरावरून वजन कळत नाही. "माझा डी कप आहे म्हणजे खूप जड" असं बऱ्याच जणी समजतात, पण डी हे नुसतं "पाव" म्हणण्यासारखं आहे, पाव किलोचा की पाव मणाचा ते सांगितल्याशिवाय काही उपयोग नाही. ते सांगतो नंबर, म्हणजे ३२, ३४, ३६ जे असेल ते. ३२ डी वाली आणि ३८ ए वाली, या दोघींच्या कपात हिशोबाने सारखंच मावतं, एका बाजूचं साधारण ४३० ग्रॅम. आणि ३८ डी वालीचं तेच साडेसातशेच्या वर जातं. अक्षर तेच, वजन जवळपास पावणेदोन पट.

त्यामुळे आधी तुमची साईज खरी आहे का ते बघा, कारण बठ्ठा घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे जळगावला फुले मार्केटात जा नाहीतर धुळ्याला आग्रा रोडवर, बाया काउंटरवर हळूच "छत्तीस द्या" म्हणतात आणि पिशवीत टाकून निघतात, कप कोणी विचारत नाही आणि साध्या कॉटनच्या ब्रावर बऱ्याचदा कप लिहिलेलाही नसतो, तो बी कप समजूनच शिवलेला असतो. वर हा छत्तीस आला कुठून, तर टेलरने ब्लाउजला माप घेतलं होतं तिथून. ब्लाउजचा छत्तीस म्हणजे छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरचा घेर, आणि ब्राचा नंबर निघतो छातीच्या खालच्या घेरावरून. ही दोन वेगळी मापं आहेत. ब्लाउज ३६ चा असलेल्या बाईला ३४ बी बरोबर बसू शकते, आणि ती वर्षानुवर्षं ३६ घालून पाठीमागे वर चढणारी पट्टी खाली ओढत असते.

माप घ्यायला शिवणाचा टेप घ्या, पण आधी तो स्टीलच्या पट्टीला लावून बघा, जुने प्लास्टिकचे टेप ताणून वाढलेले असतात, आणि टोकाची पितळी पट्टी निघालेली असेल तर पहिला पाव इंच तिथेच गेलेला असतो. पॅड नसलेली पातळ ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. श्वास सोडून छातीच्या बरोबर खाली टेप घट्ट धरा, पाठीमागून तो वर गेलेला नको, आरशात बाजूने बघितलं की कळतं. इंचातला आकडा सम आला तर ४ मिळवा, विषम आला तर ५. म्हणजे ३० आला तर ३४, २९ आला तरी ३४. मग सगळ्यात भरलेल्या भागावरून टेप सैलसर फिरवा, मांस दाबलं जायला नको. छाती मोठी असेल किंवा मुलांना पाजून खाली आलेली असेल तर कमरेत वाकून पण एकदा माप घ्या आणि दोन्हींच्या मधला आकडा धरा. आता यातून मघाचा नंबर वजा करा, १ उरला तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी.

नेटवरच्या परदेशी कॅल्क्युलेटरमध्ये बऱ्याचदा हे ४ किंवा ५ मिळवतच नाहीत, तिथे आपली ३४ बी वाली बाई ३० ई वगैरे निघते आणि घाबरून जाते. आपल्या हिशोबाला आपल्याकडच्या लेबलचीच साईज धरायची, आणि तीही अंगाला नीट बसणारी. पट्टा आडवा राहतो, मधला भाग हाडाला टेकतो, कपच्या वरून काही सांडत नाही, एवढं असलं की नीट बसली म्हणायची. मापं पाळी येऊन गेल्यावर घ्या, पाळीच्या आधी आठवडाभर छाती सुजल्यासारखी असते आणि एखादा कप वाढलेला दिसू शकतो.

आता वजन. सोपी युक्ती अशी की कुठलीही साईज असू दे, तिला बी कपात आणायची. बी च्या पुढे जितकी अक्षरं तितक्या वेळा नंबरात २ मिळवा, आणि ए असेल तर २ वजा करा. ३२ सी म्हणजे ३४ बी. ३४ डी म्हणजे ३८ बी. ३८ ए म्हणजे ३६ बी. (दुकानात तुमची साईज संपली असेल तर अशीच शेजारची साईज घेता येते, ३४ बी नसेल तर ३२ सी, फक्त पट्टा घट्ट लागेल, मागे हूकला एक्स्टेंशन लावून चालतं.) मग एका बाजूचं वजन असं धरायचं:

३० बी: २१५ ग्रॅम
३२ बी: २८०
३४ बी: ३५०
३६ बी: ४३०
३८ बी: ५३०
४० बी: ६४०
४२ बी: ७६५
४४ बी: ९००

दोन्ही बाजूंचं हवं असेल तर दुप्पट. म्हणजे ३६ सी ची बाई, तिचं झालं ३८ बी, एका बाजूला ५३० आणि दोन्ही मिळून एक किलोच्या थोडं वर.

हे आकडे येतात कुठून ते माहीत असलेलं बरं, म्हणजे त्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. कपाला अर्धा गोळा समजतात. वायरची ब्रा असेल तर स्वतःच करून बघा, वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून सरळ अंतर मोजा, ते समजा १२ सेंटीमीटर आलं. त्याचं अर्धं ६. सहा गुणिले सहा गुणिले सहा, २१६. त्याला २.१ ने गुणलं की साधारण ४५३ मिली, हे झालं अर्ध्या गोळ्यात मावणारं आकारमान. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते म्हणून ०.९ ने गुणायचं, ४०८ ग्रॅम. साईज एकेक वाढते तेव्हा वायर जेमतेम ८-९ मिलीमीटरने रुंदावते, पण आकडा तीनदा गुणला जातो ना, म्हणून वजन भराभर चढतं. ३० बी वरून ३२ बी ला ६५ ग्रॅम वाढलं आणि ४२ वरून ४४ ला १३५, त्यामुळे "एक कप म्हणजे इतके ग्रॅम" असं जे कोणी छातीठोक सांगतं त्यावर विश्वास ठेवू नका.

पण बाईची छाती अर्धा गोळा नसते हो. वरून उतरती, खाली भरलेली, बाजूला काखेकडे गेलेली. म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा, खरं वजन यापेक्षा कमी-जास्त असू शकतं. डॉक्टरी पुस्तकात साध्या अवस्थेतल्या स्तनाचं वजन १५० ते २२५ ग्रॅम दिलेलं असतं, दिवस भरत आले की ४०० ते ६००, आणि दूध चालू असताना ६०० ते ८००. म्हणजे बाळंतिणीची छाती दुखते, पाठ भरून येते ते नाटक नाही, तिच्या अंगावर दोन्ही बाजूंचं मिळून पाऊण-एक किलो नवीन वजन चढलेलं असतं आणि वर कडेवर बाळ. त्या काळात ब्राच्या साईजवरून वजन काढायच्या भानगडीत पडूच नका, सकाळ-संध्याकाळ फरक पडतो.

वयाचाही फरक आहे. तरुणपणी आत ग्रंथी जास्त, त्या पाण्यापेक्षा किंचित जड. पाळी गेल्यावर त्या कमी होत जातात आणि चरबीचं प्रमाण वाढतं, म्हणून तितक्याच आकाराची छाती थोडी हलकी भरते. तरुण मुलीला ०.९ ऐवजी १ ने गुणलं तरी चालेल. आणि मॅमोग्राफी केली असेल तर रिपोर्टवर डेन्सिटी बी किंवा सी असं लिहिलेलं असतं, तो ब्राचा कप नाही हां, आत ग्रंथी किती दाट आहेत त्याचे ते गट आहेत ए पासून डी पर्यंत.

ज्यांना अंदाज नको, बऱ्यापैकी बरोबर आकडा पाहिजे, त्यांनी पाण्याने मोजावं. काट्यावर छाती टेकवून बघणाऱ्या असतात, तसं करू नका, तुम्ही किती वाकलात आणि किती रेललात त्यावर काटा नाचतो. स्वयंपाकाचा गंज, म्हणजे पातेलं, घ्या, तोंड छातीच्या बुडापेक्षा रुंद पाहिजे. तो परातीत ठेवा, काठोकाठ कोमट पाणी भरा, परात कोरडी पाहिजे. बाथरूमचं दार लावून घ्या, नाहीतर घरातलं कोणीतरी बरोबर त्याच वेळी टपकतं. हळूच वाकून एक बाजू पाण्यात सोडा, गंजाची कड छातीच्या हाडाला लागेपर्यंत, दोन क्षण थांबा, सरळ उठा. परातीत सांडलेलं पाणी आधी वजन करून ठेवलेल्या डब्यात ओता आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. डब्याचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम पाणी तितके मिली आकारमान, त्याला ०.९ ते १ ने गुणा. तीनदा करून सरासरी काढा, पहिल्यांदा हमखास जास्त सांडतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, थोडाफार फरक सगळ्यांनाच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र एक बाजू अलीकडेच वाढली, गाठ लागते, कातडी ओढल्यासारखी दिसते किंवा बोंडातून काही येतं, तर टेप आणि परात बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

एवढं करून उपयोग काय, असं विचाराल. खांद्यात खाचा पडत असतील, मान धरत असेल, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात छातीखाली घामोळ्या येऊन कातडी सोलून निघत असेल, तर डॉक्टरला "जड वाटतं" पेक्षा "एकेक बाजू आठशेच्या आसपास आहे" असं सांगितलेलं बरं. आणि डॉक्टरकडे जायच्या आधी पट्टा तपासा, वजन मुख्य करून खालच्या पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. पट्टा सैल असला की सगळा भार खांद्यावर येतो आणि आपण पट्ट्या अजून आवळत बसतो.

पण माझ्या मते या हिशोबाची खरी गरज आहे ती एक बाजू ऑपरेशनने काढलेल्या बायांना. आपल्याकडून कितीतरी जणी मुंबईला टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन ऑपरेशन करून येतात, घरी आल्यावर त्या बाजूला रुमाल नाहीतर कापूस भरतात, आणि कापूस हलका, तो भरलेला भाग हात वर केला की सरकतो, ब्लाउज एका बाजूने चढतो आणि शरीर हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकायला लागतं. सिलिकॉनचं तयार मिळतं, ते महाग वाटत असेल तर घरी शिवता येतं. राहिलेल्या बाजूचं वजन पाण्याने काढा. मऊ सुती कापडाची दुसऱ्या बाजूच्या आकाराची पिशवी शिवा, आत बाजरी किंवा राजगिऱ्याची छोटी पुरचुंडी खालच्या बाजूला आणि तिच्याभोवती सगळीकडून कापूस, शिवण आतल्या बाजूला म्हणजे व्रणाला टोचणार नाही. जखम पूर्ण भरून डॉक्टरने हो म्हटल्यावरच वजन घालायचं, आणि एकदम पूर्ण नाही, आधी अर्धं, अंगवळणी पडलं की वाढवायचं. ब्राला आतून अस्तराचा खिसा लावून त्यात ठेवा, पदर खोचून खाली वाकलं तरी बाहेर येत नाही. वरच्या बाजूला उसवायला सोपा टाका ठेवा, कारण घामाने धान्याला वास लागतो आणि उन्हाळ्यात ते दर पंधरा दिवसांनी बदलावं लागतं.